पंख्यापासून फेसपर्यंत: बोगद्याच्या हवेच्या नोंदी

१२ सप्टेंबर, फेस ६० मीटर आत

ड्रिल-ब्लास्ट पद्धतीने, म्हणजे खडकात भोकं पाडून स्फोट करत, एकाच बाजूने खोदायचा बोगदा. खोदकाम चालतं ते आतलं टोक म्हणजे फेस, बोगद्याचं बाहेरचं तोंड म्हणजे पोर्टल. छेद ५० चौरस मीटर, लांबी १४०० मीटर. आतापर्यंत वाऱ्याच्या भरवशावर चाललं, ब्लास्टचा धूर आपोआप पोर्टलबाहेर यायचा. या आठवड्यात तो यायचा थांबला. छताशी लोंबकळतो, डंपर आत शिरला की त्याच्या मागोमाग हलतो आणि परत फेसकडे सरकतो. आता पंखा बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. असंच काम पुढे कुणी हाती घेतलं तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

हवा किती लागेल ते आज ठरवलं. माणशी मिनिटाला ३ घनमीटर, आत जास्तीत जास्त ३० माणसं, म्हणजे सेकंदाला दीड घनमीटर. हा आकडा किरकोळ आहे. खरी मागणी इंजिनांची. दर किलोवॅटमागे मिनिटाला ४ घनमीटर धरले. लोडर १८० किलोवॅटचा, मकिंगच्या वेळी, म्हणजे ब्लास्टचा ढिगारा उचलताना, एक डंपर भरला जात असतो आणि एक वाटेवर असतो, ते प्रत्येकी २०० चे. एकूण ५८० किलोवॅट, सेकंदाला जवळपास ३९ घनमीटर. माणसांचे मिळवून ४०. बोगद्यात हवेचा वेग सेकंदाला निदान ०.३ मीटर असावा ही अट वेगळी तपासली. तिला १५ घनमीटर पुरतात. म्हणजे डंपर ठरवणार हवा किती लागेल ते, माणसं नाहीत.

डक्टच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या कापडी नळीच्या, व्यासावरून बराच वाद झाला. खोदकामवाल्यांना १.६ मीटरचा हवा होता, डंपरच्या वर मोकळी जागा जास्त राहते म्हणून. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, वर लटकणारा डक्ट फाडतो तो डंपरच. पण हवा तेवढीच ठेवून व्यास कमी केला तर दाबातली घट त्याच्या पाचव्या घाताने वाढते. १४०० मीटरला ४० घनमीटर न्यायचे तर १.८ मीटरच्या डक्टमध्ये, गळती न धरता, सुमारे २००० पास्कल जातात, १.६ मध्ये तेच ३७०० च्या पुढे. वीस सेंटिमीटरसाठी जवळपास दुप्पट दाब, आणि तो काम संपेपर्यंत रोज भरायचा. १.८ चा डक्ट ठरला. डंपरच्या हौद्यावर ढीग किती उंच भरायचा याची खूण पोर्टलला रंगवून घेतली.

२४ सप्टेंबर, १०५ मीटर

पंखा सुरू, डक्ट फेसपर्यंत नेलेला, तरी ब्लास्टनंतर हवा साफ होईना. मीटर घेऊन पंख्याच्या तोंडाशी उभे राहिलो तर तिथेच कार्बन मोनॉक्साइड ९ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ९. उघड्यावर, ताज्या हवेत हे असायला नको.

धुराची नळी पेटवून पोर्टलपाशी धरली तेव्हा कारण डोळ्यांना दिसलं. बोगद्यातून बाहेर पडणारी हवा कमानीच्या वरच्या कडेने उचलली जाऊन वळत होती आणि थेट पंख्यात शिरत होती. पंखा पोर्टलपासून जेमतेम पाच मीटरवर बसवला होता. पाया घालायला तिथली जागा सपाट होती, एवढंच कारण. त्यात जनरेटरचं धुराडं पंख्याच्या वाऱ्याच्या बाजूला. आत पाठवलेल्या हवेतली काही फिरून फिरून तीच.

पंखा पोर्टलपासून २५ मीटर लांब नेला, वारा बहुतेक वेळ ज्या बाजूने येतो त्या बाजूला. जनरेटर उलट दिशेला. नवा पाया, नवा केबलमार्ग, डक्टला जास्तीचा तुकडा, आणि तोवर खोदकाम बंद. ज्या दिवशी पोर्टलची आखणी कागदावर होते त्याच दिवशी पंख्याची आणि जनरेटरची जागा ठरली, तर यातलं काहीच करावं लागत नाही. आता पंख्याच्या तोंडाशी मीटर शून्य दाखवतो.

१९ ऑक्टोबर, २०० मीटर

सकाळी पंखा चालू केल्याबरोबर आतून मोठा आवाज आला. १३० मीटरवरचा डक्टचा जोड पूर्ण उसवला. कापड कमजोर नव्हतं. रात्रभर रिकामा पडलेला डक्ट खाली लोंबलेला असतो. पंखा एकदम पूर्ण वेगाने सुटला की हवेची लाट त्यातून धावत जाते आणि जिथे घडी किंवा वळण असेल तिथे आदळते. जोड तिथेच सुटतो.

पंख्याचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह बसवून वेग हळूहळू चढवायला लावला. आता डक्ट आधी सावकाश फुगतो, सरळ होतो, मग वेग वाढतो. पूर्ण वेगाला पोचायला काही मिनिटं लागतात, ती लागू द्यावीत. शिफ्ट बदलताना घाई करणाऱ्याच्या हाती हे बटण नको, म्हणून पंख्याची किल्ली इलेक्ट्रिशियनकडे.

ड्राइव्हचा दुसरा फायदा विजेचा. हवा वेगाच्या प्रमाणात बदलते, पण वीज वेगाच्या घनाने. वेग ६० टक्क्यांवर आणला की वीज साधारण पंचमांशावर येते. भोकं पाडताना बूमर, म्हणजे ड्रिलचं यंत्र, विजेवर चालतो, डिझेलचं काही आत नसतं, तेव्हा ६० टक्के पुरतात. मकिंगला आणि ब्लास्टनंतर पूर्ण. शॉटक्रीटलाही, म्हणजे खडकावर काँक्रीट फवारतानाही, पूर्ण; मिक्सर गाड्यांची इंजिनं त्या वेळी चालूच असतात, हे सुरुवातीच्या वेळापत्रकात धरलेलं नव्हतं.

१६ डिसेंबर, ४३० मीटर

आजची नोंद या सगळ्यात महत्त्वाची मानतो.

गेले काही दिवस लोडरचालक म्हणत होता की डोळे चुरचुरतात. पंख्यापाशी सगळं व्यवस्थित: अँपिअर बरोबर, दाब बरोबर, पिटो नळीने मोजलेली हवा सेकंदाला ४६ घनमीटर. कंट्रोल रूमच्या वहीत रोज हाच आकडा चढत होता. आज अॅनिमोमीटर घेऊन डक्टच्या फेसकडच्या तोंडाशी मोजलं. मधोमध एकदाच धरून चालत नाही, तिथे वेग सरासरीपेक्षा जास्त असतो. तोंडावर जाळी कल्पून ठिकठिकाणी धरून सरासरी काढावी लागते. उत्तर आलं २९. सतरा घनमीटर हवा वाटेत गेली. फेसवरच्या माणसांना ४० मिळायला हवी होती, आणि वहीत ४६ लिहिलेले.

पंखा पूर्ण वेगात ठेवून पोर्टलपासून आत निघालो. भोकं खालूनही ओळखता येतात, कुठे बघायचं ते कळलं की. बोगद्याचं छत सगळीकडे धुळीने राखाडी झालेलं असतं. डक्टला जिथे भोक आहे त्याच्या समोरचा खडक मात्र धुतल्यासारखा स्वच्छ आणि कोरडा. अशा जागा खडूने भिंतीवर खुणा करत गेलो. मग बास्केटमधून वर जाऊन हात लावून पाहिलं. ओला तळहात जोडावरून फिरवला की अगदी बारीक गळतीही लागते.

सापडलं ते असं. तीन जोडांच्या झिपा अर्धवट उघड्या, त्यातला एक जवळजवळ हातभर. डंपरच्या ढिगाने घासून पडलेल्या लांब चिरा, त्यांवर चिकटपट्टी, आणि पट्टी ओलाव्याने सुटून फडफडणारी. डक्ट लटकवायचे हूक जिथे अडकवतात तिथली भोकं ताणून मोठी झालेली. २९० मीटरवर पार्किंगच्या खोबणीपाशी डक्ट वळवताना पिळला गेलेला, अर्धा छेद दबलेला. शिवाय एका ठिकाणी कुणीतरी चाकूने नीटनेटकं चौकोनी भोक कापलेलं. खाली वेल्डिंगचं काम चालतं, वारा यावा म्हणून.

त्या वेल्डरवर कुणी आवाज चढवला नाही. त्याला हवा हवी होती, ती त्याने घेतली. तिथे हवा देणं आमचं काम होतं. पण तळहाताएवढ्या भोकातूनही हजार पास्कल दाबाला सेकंदाला साधारण ०.२ घनमीटर हवा जाते, म्हणजे चार माणसांच्या वाट्याची. हा हिशेब मुकादमांना सांगितला, त्यांनी तो शिफ्टच्या बैठकीत सगळ्यांना सांगितला. वेल्डिंगच्या जागी डक्टला झाकणाची फांदी बसवली, काम संपलं की बंद करायची.

चिकटपट्टी पूर्ण बंद. चीर आधी शिवायची, मग त्याच कापडाचं ठिगळ डिंकाने लावायचं, तेही पंखा बंद असताना आणि कापड पुसून कोरडं करून. पिळलेल्या जागी पत्र्याचा तयार वळणाचा तुकडा टाकला. रात्रीची शिफ्ट संपेपर्यंत तोंडाशी ४१ आले.

वहीतला रकाना बदलला. पंख्यापाशी मोजलेली हवा आता फक्त गळती काढण्यापुरती. रोजचा आकडा डक्टच्या तोंडाशी मोजलेला, आणि मोजणाऱ्याची सही. दर आठवड्याला डक्टखालून एक फेरी, खडू घेऊन.

९ जानेवारी, ५२० मीटर

डक्टचं तोंड फेसपासून ७० मीटर मागे राहिलेलं. ब्लास्टचे दगड उडून डक्ट फाटतो म्हणून माणसं तो पुढे न्यायला टाळतात, आणि फाटलेला डक्ट पुन्हा शिवायचाही त्यांनाच असतो. पण तोंडातून सुटलेला झोत ठराविक अंतरापर्यंतच पोचतो. छेदाच्या वर्गमुळाच्या पाचपट हा ठोकताळा. ५० चौरस मीटरला ३५ मीटर. त्याच्या पलीकडे झोत वळून परत येतो आणि फेसपाशी हवा नुसती उभी राहते. धुराची नळी फेसपाशी फोडली तर धूर बराच वेळ जागचा हलला नाही. पाठीमागे ४१ घनमीटर वाहतायत आणि बूमरवरच्या माणसाला त्यातलं फारसं काही मिळत नाही.

शेवटचे ४० मीटर आता तारदोरावर कड्यांनी लटकवले आहेत, पडद्यासारखे मागे सरकवता येतात. भरणी झाली, म्हणजे भोकांत स्फोटकं भरली, की मागे; धूर गेला की पुढे. टोकाचा तुकडा जुन्या, ठिगळ लावलेल्या डक्टचा; फाटला तरी हळहळ नाही. सरकवायला दोन माणसं पुरतात. हे काम ब्लास्टच्या तपासयादीत घातलं. यादीत नसलेलं काम तिसऱ्या शिफ्टपर्यंत टिकत नाही.

३० जानेवारी, ६०० मीटर

ब्लास्टनंतर किती वेळाने आत जायचं यावर आज सगळ्यांना बसवून बोललो. आतापर्यंत अर्ध्या तासाचा नेम होता. १०० मीटरवर असताना ठरलेला अर्धा तास ६०० मीटरवर तसाच चालू होता.

डक्टमधून फेसवर हवा ढकलली की धूर जागच्या जागी विरत नाही. त्याचा ढग तयार होतो आणि सगळा बोगदा भरून पोर्टलकडे सरकतो. सेकंदाला ४० घनमीटर, छेद ५० चौरस मीटर, म्हणजे ढगाचा वेग ०.८ मीटर. ६०० मीटर जायला साडेबारा मिनिटं, ती पुढच्या टोकाला. शेपूट लांब आणि विरळ होत मागून येतं, त्याला कितीतरी जास्त. फेस साफ झालेला असतो तेव्हा ढग अजून वाटेत असतो. आमची काही माणसं ब्लास्टच्या वेळी बाहेर न येता पोर्टलपासून २०० मीटर आतल्या खोबणीत थांबत. ती जागा दगडांपासून सुरक्षित खरी. पण ब्लास्टनंतर आठ-नऊ मिनिटांनी ढग बरोबर तिथे पोचतो, सर्वांत दाट असताना. त्यांच्यापैकी दोघांची डोकी दुखायची ती या कारणाने.

आजपासून ब्लास्टला सगळे बाहेर, एकही अपवाद नाही. परत जाताना पहिला माणूस मीटर हातात घेऊन, आणि आकड्यांवर निर्णय, घड्याळावर नाही. आम्ही युरोपीय संघाच्या मर्यादा धरल्या आहेत: आठ तासांच्या सरासरीला कार्बन मोनॉक्साइड २० पीपीएम, नायट्रोजन डायऑक्साइड ०.५, नायट्रिक ऑक्साइड २. मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. नायट्रोजन डायऑक्साइड तपकिरी असतो आणि झोंबतो, पण झोंबेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

दुसरी गोष्ट ढिगाऱ्याची. काल आत गेलो तेव्हा मोनॉक्साइड १२, सगळे निर्धास्त. लोडरने पहिल्या काही बादल्या उचलल्या आणि मीटर ६० वर जाऊन ओरडू लागला. ब्लास्टचा वायू दगडांच्या सांदीत कोंडलेला असतो, ढीग उकरला की सुटतो. म्हणून मकिंगच्या सुरुवातीलाच पंखा पूर्ण वेगात हवा. लोडरच्या केबिनमध्ये मीटर कायमचा, आणि काच बंद. ढिगावर आधी भरपूर पाणी; त्याने धूळ बसते आणि डायऑक्साइडचा काही भागही पाण्यात उतरतो. मोनॉक्साइडवर मात्र पाण्याचा उपयोग नाही, त्याला हवाच लागते.

अमोनियाच्या वासाची तक्रारही याच दिवसांतली. भरणी करताना जमिनीवर सांडलेलं इमल्शन स्फोटक, त्यात अमोनियम नायट्रेट, आणि वरून शॉटक्रीटचा उडालेला सिमेंटचा चुरा व पाणी. सिमेंटच्या क्षाराने अमोनिया सुटतो. सांडलेलं उचलून बादलीत, आणि भोकाबाहेर होज काढताना पंप आधी बंद. दोनच शिफ्टमध्ये वास गेला.

२१ फेब्रुवारी, ६९० मीटर

फेसजवळच्या स्थिर मीटरवर आज प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली सापडली, रबरबँड लावून. शॉटक्रीटचा फवारा उडून सेन्सरची जाळी बुजते म्हणून बांधली होती. नंतर कुणी काढली नाही. पडद्यावर सुंदर शून्य. मीटर बंद असता तर लक्षात तरी आलं असतं. आता तो सरकत्या स्टँडवर आहे, शॉटक्रीटच्या वेळी मागे नेतात, आणि वर पत्र्याची छत्री. रोज शिफ्टच्या सुरुवातीला नमुना वायू सोडून तो दाखवतो का ते बघायचं. दाखवला नाही तर काम सुरू होत नाही.

उंचीचंही बघून घ्या. मिथेन हवेपेक्षा हलका, त्याचा सेन्सर छताशी. नायट्रोजन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड जड, ते खाली. मोनॉक्साइडचं वजन जवळपास हवेएवढंच, त्याचा नाकाच्या उंचीवर.

आणखी एक गोष्ट, जिने दोन रात्री सगळ्यांना पळवलं: ३५० मीटरवरचा मोनॉक्साइड मीटर पहाटे एकटाच वाजायचा, आत एकही इंजिन नसताना. बाजूच्या खोबणीत बॅटऱ्या चार्जिंगला लावतात. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनलाही फसतो. चार्जिंग बोगद्याबाहेर हलवलं. मीटर खोटा बोलत होता, पण हायड्रोजन छताशी साठणं हे काही त्याहून बरं नव्हतं.

२० मार्च, ७९० मीटर

खडक बदलला, क्वार्ट्झ वाढलं. आता धुळीची काळजी जास्त.

डोळ्यांना दिसते ती धूळ बहुतेक नाकात-घशात अडकते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती बारीक, एकेक कण नजरेला दिसत नाही असली. सिलिकाची ती धूळ आत बसली की निघत नाही आणि सिलिकोसिस झाला की त्यावर इलाज नाही. १९३० आणि १९३१ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्टचा बोगदा खोदला, सिलिकाने भरलेल्या वालुकाश्मातून, कोरडं ड्रिलिंग करून. शेकडो मजूर त्याने मेले, त्यांतले बहुतेक कामाच्या शोधात आलेले कृष्णवर्णीय. कोरडं ड्रिलिंग हा शब्द मी आमच्या साइटवर ऐकून घेत नाही.

तरीही आज बूमरच्या एका बूमवर (ड्रिल धरणाऱ्या हातावर) कोरडं चाललेलं सापडलं. पाण्याचा दाब कमी, कारण त्याच लाइनवरून शॉटक्रीटवाल्यांनी पाणी घेतलेलं. भोक सुरू करताना चालक पाणी मुद्दाम कमी करतो, ड्रिलचं टोक घसरू नये म्हणून. दाब मुळातच कमी असेल तर ते शून्यावर येतं. बूमरला स्वतंत्र लाइन दिली, आणि दाब कमी झाला की ड्रिल थांबेल असा स्विच.

हवा वाढवून धूळ जाते असं समजू नका. डक्टच्या तोंडातून सेकंदाला पंधरा मीटरने सुटलेला झोत कोरड्या ढिगावर आदळला तर तो धूळ उडवतोच. ढीग आधी भिजवा. वाहनांचा रस्ता भिजवा, पण चिखल होणार नाही इतका. चिखल वाळून पुन्हा धूळच होतो. शॉटक्रीट ओल्या मिश्रणाचं केल्यापासून नोझलजवळचा फरक नजरेला दिसतो.

नमुने घ्यायला माणसाच्या कॉलरवर बारीक धूळ वेगळी काढणारा सायक्लोन आणि कमरेला छोटा पंप, पूर्ण शिफ्टभर. श्वसनीय सिलिकाची मर्यादा युरोपीय संघात घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम, अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेची, ओशाची, ०.०५. आम्ही ०.०५ धरली. नोझल चालवणाऱ्याचा आणि शॉटक्रीटखाली उभा राहणाऱ्या हेल्परचा नमुना वर गेला, बाकीचे खाली. प्रयोगशाळेचं उत्तर यायला वेळ लागतो. तोवर ती माणसं त्याच हवेत असतात. म्हणून त्या दोघांना अहवालाची वाट न पाहता हवा पुरवणारे हेल्मेट दिले होते, आणि ते आता कायम.

१७ एप्रिल, ९०० मीटर

एका डंपरचा धूर काळा. इंजेक्टर खराब. त्या एका गाडीने मकिंगमध्ये नायट्रोजन डायऑक्साइड मर्यादेवर नेला, बाकी सगळं तेच असताना. दर आठवड्याला प्रत्येक गाडीच्या नळीतून निघणारा धूर मोजायचा असं ठरलं. बिघडलेली गाडी बाहेर, मग उत्पादन थांबलं तरी चालेल. डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. याच्यापुढे वाद घालायचा राहत नाही.

उभ्या गाड्यांची इंजिनं बंद. हे सांगायला सोपं, पाळून घ्यायला अवघड, कारण चालक म्हणतात पुन्हा चालू होईल की नाही याचा भरवसा नाही. बॅटऱ्या बदलून दिल्या, मग ऐकलं.

धुराच्या गाळण्या बसवताना एक गोष्ट विचारून घ्या. काही उत्प्रेरक लावलेल्या गाळण्या काजळी पकडतात पण नायट्रिक ऑक्साइडचं डायऑक्साइड करतात. काजळी कमी, मीटरवरचा डायऑक्साइड जास्त. आमच्या एका लोडरवर असंच झालं. गाळणी बदलून घेतली.

११ मे, १००० मीटर

रात्री वीज गेली. जनरेटर लगेच सुरू झाला, दिवे आले, पंखा आला नाही. ड्राइव्ह बिघाड दाखवून बसलेला, आणि तो हाताने रीसेट करणारा माणूस फेसवर. पंखा बंद होता तोवर माणसं चालत बाहेर आली, एक किलोमीटर, मकिंग अर्ध्यावर टाकून. कुणाला काही झालं नाही, इंजिनं ताबडतोब बंद केली म्हणून.

ड्राइव्ह आपोआप रीसेट होईल अशी व्यवस्था केली, आणि प्रत्येक आठवड्यात एकदा वीज मुद्दाम तोडून बघतो. पंखा बंद पडला की फेसवर लाल दिवा आणि भोंगा, त्याला वेगळी बॅटरी. सर्व इंजिनं बंद, सर्व बाहेर. कुणी फोरमनला विचारायला थांबायचं नाही.

पुढे काळ्या शेल खडकाचा पट्टा आहे, तिथे पंखा बंद पडणं परवडणार नाही. पुढचा खडक तपासायला पाडलेल्या प्रोब भोकातल्या पाण्यात बुडबुडे दिसले, मिथेन निघाला. हवेत ५ ते १५ टक्के असला की तो पेट घेतो. छताशी त्याचा थर साचतो आणि खाली मीटर शून्य दाखवतो, म्हणून लांब दांडीवर नळी बांधून छताच्या खळग्यांत मोजतो. हवेचा वेग तिथे ०.५ मीटरच्या खाली जाऊ देत नाही, म्हणजे पंखा ६० टक्क्यांवर आणायचा नेम या पट्ट्यात रद्द. १९७१ च्या २४ जूनला कॅलिफोर्नियात सिल्मारच्या बोगद्यात मिथेनच्या स्फोटात सतरा माणसं गेली.

१४ जून, ११३० मीटर

डक्टच्या तोंडाशी हवा ३५ वर आली. गळती दुरुस्त करूनही वाढत नाही. लांबी वाढली, दाब वाढला, तीच बारीक भोकं जास्त गळतात. तोवर आत एकच डंपर.

दुसरा पंखा मध्यावर, बोगद्यात बसवावा अशी सूचना आली. कापडी डक्टला ते चालत नाही. पुढचा पंखा मागच्यापेक्षा जास्त ओढायला लागला की त्याच्या मागचा डक्ट आत ओढला जाऊन चपटा होतो आणि हवा बंद. दोन्ही पंखे पोर्टलबाहेर एकापाठोपाठ एक बसवले, मध्ये पत्र्याचा सरळ तुकडा. पंख्याजवळच्या पहिल्या २०० मीटरला जास्त दाबाचं कापड घातलं. तोंडाशी ४३.

१९ ऑगस्ट, १४०० मीटर

पलीकडच्या पोर्टलला भोक पडलं, आणि हवेने लगेच स्वतःची दिशा घेतली. पलीकडचं पोर्टल उंचावर. दिवसा बाहेर गरम असतं तेव्हा बोगद्यातली गार हवा खाली, आमच्या पोर्टलकडे वाहते. रात्री बाहेर गार झालं की आतली उबदार हवा वर, पलीकडे जाते. संध्याकाळी आणि सकाळी मध्ये एक वेळ अशी येते की ती कुठेच जात नाही, आणि धूर मधोमध उभा राहतो. मोकळं झालं म्हणून पंखे काढायची घाई इथेच अंगलट येते. बेंचिंग, म्हणजे तळाचा थर खोदणं, आणि अस्तराचं काम अजून बाकी आहे, त्यात गाड्या आधीपेक्षा जास्त.

एक पंखा ठेवला. डक्ट ७०० मीटरवर कापून तोंड कामाच्या जागेजवळ आणलं, हवा उलटी वाहते त्या तासांत पूर्ण वेग. काढलेल्या डक्टचे तुकडे धुऊन, वाळवून, प्रत्येकावर लांबी आणि ठिगळांची संख्या रंगाने लिहून ठेवली. दहाच्या वर ठिगळं असलेले फक्त टोकाला वापरायचे.